प्रतिनिधीचा सातबारा

जमिनीचा उतारा न पाहतां जमीन विकत घेणारा शेतकरी आपल्या कोंकणांत शोधूनही सांपडणार नाहीं. पांच गुंठ्यांचा तुकडा घ्यावयाचा असला, तरी तो तलाठ्याकडून सातबारा आणवितो, कब्जेदाराचें नांव वाचतो, फेरफारांचे आंकडे ताडून पाहतो, ‘इतर हक्क’ या सदरांत कोणाचा बोजा आहे कीं काय याची दोनदां चौकशी करितो, आणि मग इसाऱ्याच्या रकमेस हात घालतो. हाच शेतकरी आपल्या जमिनीचें, पाण्याचें, पिकाच्या भावाचें व मुलाबाळांच्या हक्कांचें जणूं कुलमुखत्यारपत्रच पांच वर्षांकरितां एका माणसाच्या हातीं देतो, तेव्हां मात्र कोणताही कागद मागत नाहीं. उमेदवार कोणत्या गांवचा, कोणाचा कोण, सभेस गाड्या किती आल्या, एवढ्यावर व्यवहार पुरा होतो. या विसंगतीकडे सुज्ञ वाचकांचें लक्ष वेधावें, व तीवर एक साधा उपाय सुचवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलेलें नाहीं. आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. राजकारणावर पांडित्य सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु कागद कसा वाचावा, हें नोकरीनें शिकविलें. एक अनुभव सांगतों. एक वृद्ध खातेदार एके दिवशीं उतारा घेऊन टेबलाशीं आला. त्याचें कर्ज फिटून बारा वर्षें झालीं होतीं, परंतु बोजा उताऱ्यावर तसाच राहिला होता. कर्ज देणाऱ्यानें कळविलें नाहीं, दप्तरांत कोणीं विचारलें नाहीं, आणि म्हाताऱ्यास वाचतां येत नव्हतें. शाळेंत जाणाऱ्या नातवानें त्या वर्षीं पहिल्यानेंच उतारा मोठ्यानें वाचून दाखविला, तेव्हां चूक उघडकीस आली. पुढें रीतसर फेरफार होऊन बोजा उतरला. जो बोजा कोणी वाचीत नाहीं, तो आपोआप उतरत नाहीं, ही गोष्ट त्या दिवशीं माझ्या मनांत ठसली.

गांव नमुना सात हक्क कोणाचा तें सांगतो. नमुना बारा त्या हक्काचें काय केलें, म्हणजे जमिनींत काय पिकविलें, तें सांगतो. आणि सातांतील ‘इतर हक्क’ हें सदर त्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचा दावा आहे तें सांगतें. आमदार-खासदाराचा उतारा असाच तीन सदरांचा असावा. पहिलें सदर मताचें : कोणत्या कायद्याच्या वेळीं तो हजर होता व कोणत्या बाजूस उभा राहिला. दुसरें सदर पिकाचें : त्यानें स्वतः कोणतीं विधेयकें आणिलीं, कोणते प्रश्न विचारले, काय बोलला. तिसरें सदर बोजाचें : त्याच्या निवडणुकीचा पैसा कोठून आला. तिन्ही सदरें एकत्र वाचावीं. एकटें कोणतेंही सदर वाचणाऱ्यास फसवितें.

प्रथम दुसऱ्या सदराकडे वळूं. कारण त्याचें मोल आपल्या किनाऱ्यानें प्रत्यक्ष अनुभविलेलें आहे. १९३३ सालीं २७ ऑक्टोबर रोजीं अलिबाग तालुक्यांत चरी येथें शेतकऱ्यांची सभा भरली, आणि खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं २५ गांवांनीं तो सुमारें सहा वर्षें चालविला. जमिनी पडीत राहिल्या. कुळांनीं मोलमजुरीवर व लांकूडफाट्यावर दिवस काढले. १९३४ च्या डिसेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस शेतकरी परिषदेकरितां आले. पुढें १९३७ च्या निवडणुकींत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फें मुंबई विधानसभेवर गेले, आणि त्याच वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं त्यांनीं खोती रद्द करण्याचें विधेयक मांडलें. सरकार व कसणारा यांच्यामधील खोत दूर करावा, कसणाऱ्यास कब्जेदाराचा दर्जा देऊन त्याचा धारा थेट सरकारांत घ्यावा, आणि खोतास त्याच्या हक्काबद्दल वाजवी भरपाई द्यावी, असा त्याचा आशय होता. १० जानेवारी १९३८ रोजीं कोंकणांतील व देशावरील हजारों शेतकरी मोर्चानें मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. तरीही विधेयक मंजूर झालें नाहीं. बहुमत सरकारपक्षाचें होतें, व एका विरोधी सभासदाच्या विधेयकास त्यानें वाट दिली नाहीं.

मग तें विधेयक वायां गेलें काय? मुळींच नाहीं. १९३९ सालीं कुळकायदा झाला, १९४८ सालीं तो अधिक व्यापक झाला, आणि १९४९ च्या कायद्यानें कुलाबा व रत्नागिरी जिल्ह्यांतील खोती संपली. बारा वर्षांपूर्वीं जी मागणी सदनाच्या दप्तरांत लिहिली गेली होती, तीच अखेर कायदा होऊन आली. आमच्या वाचकांत कुळांचे नातू आहेत तसे खोतांचेही आहेत, हें मी जाणतों. परंतु विधेयक छापील व उघड होतें, म्हणून कोण कोणाची बाजू घेतो हें दोघांसही कळलें. विरोध करणाऱ्या खोतासही तो कागद वाचूनच विरोध करतां आला. उघड्या कागदाचा लाभ दोन्ही पक्षांस असतो.

येथें आपल्या खाडीकांठची एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आगरदांडा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत होतें. मुंबईच्या कायदेमंडळांत येथील रयतेच्या वतीनें बोलणारा कोणी नव्हता; चरीचा संप शेजारीं चालला असतां आपले आजे-पणजे केवळ ऐकणारे होते. १९४९ च्या कायद्यानें आपल्या मुलखाचा प्रश्न सुटला नाहीं. विलीन झालेल्या जंजिरा व भोर मुलखांतील खोतीकरितां १९५३ सालीं निराळा कायदा करावा लागला. म्हणजे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत आपलीं माणसें मत देऊन आलीं, त्यानंतरचा तो कायदा आहे. ज्यास सदनांत आवाज नाहीं त्याचा न्याय रांगेंत मागें उभा राहतो, असें या तारखांवरून माझें मत झालें आहे. तो आवाज आज आपणांस आहे. पण तो काय बोलतो, हें आपण विचारीत नाहीं.

आतां पहिलें सदर, मताचें. याच कुलाबा मतदारसंघांतून १९५२ सालीं चिंतामणराव देशमुख लोकसभेवर गेले. ते केंद्राचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रास न देतां केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याच्या योजनेस विरोध म्हणून १९५६ सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें. आपला प्रतिनिधि कोणत्या बाजूस आहे, याविषयीं मतदारास शंका उरली नाहीं.

आज ही शंका सहसा फिटत नाहीं, आणि याचीं कारणें दोन आहेत. पहिलें, १९८५ सालीं पक्षांतरबंदीचा कायदा झाल्यापासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचें सभासदत्व जाऊं शकतें. म्हणून सदनांतलें मत त्याचें थोडें व पक्षाचें अधिक. दुसरें, बहुतेक विधेयकें आवाजी मतदानानें मंजूर होतात. अनुकूल असणारे ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असणारे ‘नाहीं’ म्हणतात, आणि अध्यक्ष आवाजावरून बहुमत जाहीर करितात. कोण ‘होय’ म्हणाला, कोण ‘नाहीं’ म्हणाला व कोण गप्प बसला, याची नांवनिशीवार नोंद राहत नाहीं. कोणीं मतविभागणी मागितली व ती झाली, तरच नांवें छापलीं जातात.

याचें अलीकडचें मोठें उदाहरण शेतीच्याच कायद्यांचें आहे. शेतमालाचा व्यापार व करारशेती यांसंबंधींचीं विधेयकें सप्टेंबर २०२० मध्यें लोकसभेंत आवाजी मतदानानें संमत झालीं. २० सप्टेंबर रोजीं राज्यसभेंत विरोधी सभासदांनीं मतविभागणी मागितली. ती झाली नाहीं. मागणारे आपल्या जागेवर नव्हते, असें पीठासीन अधिकाऱ्यांचें म्हणणें. आम्ही जागेवरच होतों, असें मागणाऱ्यांचें. गोंधळाबद्दल दुसऱ्या दिवशीं आठ सभासद निलंबित झाले. पुढें शेतकरी दिल्लीच्या सीमेवर एक वर्षाहून अधिक काळ बसले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेच कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेवांचून रद्द झाले. कायदे हिताचे होते कीं अहिताचे, याविषयीं वाचकांत मतभेद असतील. शरद जोशी यांच्या शिकवणुकींत वाढलेले कित्येक शेतकरी खुल्या बाजाराच्या बाजूचे आहेत, व त्यांचेंही म्हणणें ऐकण्यासारखें आहे. परंतु कायदा आला तेव्हां एकेका सभासदानें काय मत दिलें, याची यादी नाहीं. तो गेला तेव्हांचीही नाहीं. पंचनामा न करितां शेताची हद्द कायम करण्यासारखाच हा प्रकार आहे. उद्यां तंटा पडला तर साक्षीस कोणास बोलवावयाचें?

तिसरें सदर बोजाचें, व तें सर्वांत अवघड. विधानसभेच्या उमेदवारानें ४० लाख व लोकसभेच्या उमेदवारानें ९५ लाख रुपयांवर खर्च करूं नये, अशी मर्यादा आपल्या राज्याकरितां २०२२ सालीं ठरविण्यांत आली. निकालानंतर तीस दिवसांच्या आंत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. परंतु पक्ष आपल्या नांवानें जो सर्वसाधारण प्रचार करितो, त्यास अशी मर्यादा नाहीं. मोठा बोजा तेथेंच बसतो. २०१८ सालीं निवडणूक रोखे निघाले. कोणीं कोणास किती दिले हें मतदारास कळूं नये, अशीच त्यांची रचना होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें ते एकमतानें घटनाबाह्य ठरविले, आणि मार्च महिन्यांत देणाऱ्यांचीं व घेणाऱ्यांचीं नांवें प्रसिद्ध झालीं. पक्षास पैसा कोण पुरवितो हें जाणून घेणें मतदाराच्या हक्कांत मोडतें, असा त्या निकालाचा मतितार्थ आहे. देणगी देणारा प्रत्येक जण लांच देतो, असें मी म्हणत नाहीं. सोसायटीचें कर्ज काढणारा शेतकरी अप्रामाणिक नसतो. तरी त्या कर्जाची नोंद उताऱ्यावर होतेच. तीच रीत येथें असावी.

उघड्या पैशानें निवडणूक लढवितां येत नाहीं, असें कोणी म्हणेल, तर त्यानें कोल्हापूर जिल्ह्याकडे पाहावें. राजू शेट्टी यांनीं शेतकऱ्यांकडून ‘एक नोट, एक व्होट’ मागून निवडणुका लढविल्या. २००४ सालीं ते शिरोळमधून विधानसभेवर गेले. २००९ व २०१४ सालीं हातकणंगल्यामधून लोकसभेवर गेले. २०१८ सालीं त्यांनीं लोकसभेंत दोन खाजगी विधेयकें मांडलीं : एक शेतकऱ्यास कर्जमुक्तीचा हक्क देणारें, दुसरें शेतमालास हमीभाव मिळण्याचा हक्क देणारें. तीं मंजूर न होतांच त्या लोकसभेची मुदत संपली, व २०१९ च्या निवडणुकींत शेट्टी पराभूत झाले. त्यांचें सर्व राजकारण वाचकांस पटावें असा माझा आग्रह नाहीं. ज्यांच्याशीं एकेकाळीं भांडले त्यांच्याशींच पुढें युति केली, हा आक्षेप त्यांच्यावर आहे, आणि तोही त्यांच्या उताऱ्यावर यावा. परंतु पैसा शेतकऱ्याचा आणि विधेयकही शेतकऱ्याचें, हा मेळ दोन सदरें शेजारींशेजारीं ठेवून वाचल्यावांचून दिसत नाहीं, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

यावर एक आक्षेप येईल, कीं खाजगी सभासदांचीं विधेयकें मंजूर होतच नाहींत, मग तीं मोजून काय मिळणार? १९५२ पासून संसदेंत अशीं केवळ १४ विधेयकें कायदा झालीं, व त्यांतील शेवटचें १९७० सालीं, हें खरें आहे. परंतु माडाचें रोप लावणारा पहिल्या वर्षीं नारळ मोजीत नाहीं. आणि १९३७ चें रोप १९४९ सालीं फळास आलें, हें आपण आतांच पाहिलें. मात्र नुसती संख्याही मोजूं नये. पीकपाहणींत दहा पिकें लिहिलीं म्हणून कणगी भरत नाहीं. विधेयक कोणाच्या गरजेचें, प्रश्न कोणाच्या बांधावरचा, हें पाहावें.

आपल्या बांधावर प्रश्न थोडे नाहींत. राजपुरी खाडीच्या एका तीरास आगरदांडा व दुसऱ्या तीरास दिघी. बंदर एकच, पण आगरदांडा अलिबाग विधानसभा मतदारसंघांत व दिघी श्रीवर्धन मतदारसंघांत; लोकसभेस दोन्ही रायगडांत. २०२१ सालीं दिवाळखोरीच्या कार्यवाहींतून हें बंदर नव्या मालकाकडे गेलें, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्र सरकारनें दिघी औद्योगिक क्षेत्रास मंजुरी दिली. जमिनीच्या मोबदल्याचा २०१३ चा कायदा, औद्योगिक विकासाचा १९६१ चा कायदा, खारभूमीचा १९७९ चा कायदा, हे सर्व सदनांत घडले व बदलले तर तेथेंच बदलणार. खारबांध फुटून भातखाचरांत खारें पाणी शिरतें, तो प्रश्नही अखेर तेथेंच जावयाचा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत नारळ-सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या. मदत ठरली हेक्टरी, आणि आपल्या वाड्या गुंठ्यांच्या. झाडागणिक मदत द्या, असें कोणीतरी ठासून सांगणें तेव्हां अगत्याचें होतें. अशा वेळीं कोण उठून बोललें आणि कोण बोललें नाहीं, याची नोंद आपल्या किती गांवांत आहे?

दोष केवळ प्रतिनिधींच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. देवळाच्या सभामंडपास निधि, मंडळाच्या क्रिकेट सामन्यांस बक्षिसें, मतदानाच्या आदल्या रात्रीं जेवणावळी, हें मागणारे आपणच आहों. हा पैसा आकाशांतून पडत नाहीं. आपण घेतलेला प्रत्येक रुपया त्याच्या उताऱ्यावर बोजा होऊन बसतो, आणि तो फेडण्याची वेळ आली म्हणजे फेड आपल्याच जमिनींतून व आपल्याच भावांतून होते. घेणाऱ्यास जाब विचारण्याचें तोंड राहत नाहीं, हें तर सर्वांस ठाऊक आहे.

तेव्हां माझी संघास सूचना अशी, कीं प्रत्येक गांवच्या शाखेनें एक वही घालावी व तींत आमदार व खासदार यांना एकेक पान द्यावें. उमेदवारी अर्जाबरोबरच्या प्रतिज्ञापत्रांत मालमत्ता, कर्ज व खटले यांची माहिती असते. ती प्रथम उतरून घ्यावी. निवडणूक खर्चाचा हिशेब अल्प फी भरून कोणासही पाहतां येतो व त्याची नक्कल मिळते, ती आणावी. सभागृहाचें छापील कामकाज पाहून त्यांचे प्रश्न, भाषणें व विधेयकें तारीखवार लिहावीं. जेथें मताची नोंद सांपडत नाहीं, तेथें पत्र पाठवून विचारावें, कीं अमुक विधेयकावर आपण कोणत्या बाजूस होतां व कां. उत्तर आलें तर उत्तर लिहावें. न आलें तर ‘उत्तर नाहीं’ असें लिहावें.

वहींत कोणाची निंदा नको व स्तुतीही नको. फेरफार लिहितांना कारकून आपलें मत लिहीत नाहीं. तसेंच फेरफार प्रमाणित करण्यापूर्वीं हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकतीस पंधरा दिवसांची मुदत देतात. वहींतील नोंदीचीही नक्कल त्या प्रतिनिधीस पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी, व त्यानें हरकत घेतल्यास तीही शेजारीं लिहावी. सर्व पक्षांच्या माणसांस एकच माप लावावें. नाहीं तर वही संघाची न राहतां एखाद्या पक्षाची होईल, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

आणखी एक मागणी निवडणुकीपूर्वीं प्रत्येक उमेदवारापुढें ठेवावी : जमीन, पाणी व पिकाचा भाव यांना हात घालणारें कोणतेंही विधेयक आलें, तर आपण सदनांत मतविभागणी मागाल काय? याचें उत्तर पक्षादेशानें अडत नाहीं. मत पक्षाचें असेल, परंतु तें नांवानिशीं नोंदलें जावें एवढें मागण्यास कोणाची हरकत असूं नये. ज्यास हरकत असेल, त्याची हरकतही वहींत लिहावी.

भात झोडून झालें, कणग्या भरल्या, कीं गांवीं थोडी उसंत मिळते. त्या दिवसांत एका संध्याकाळीं ही वही देवळाच्या ओटीवर मोठ्यानें वाचावी. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांचे नातू वाचतील. त्या वृद्ध खातेदाराचा बोजा असाच उतरला होता. हें काम खर्चाचें नाहीं, कष्टाचेंही फार नाहीं. केवळ नियमाचें आहे. संघाच्या चालकांनीं तें मनावर घ्यावें, अशी सविनय विनंति करून हा लेख पुरा करितों.

— एक निवृत्त महसूल कारकून, आगरदांडा